कोळशाच्या जागी अणुभट्टी आली तर? विदर्भातल्या गावकऱ्यांनी बोला

चिमूरचा_बांधकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या पानठेल्यावर सध्या एकच विषय चालू आहे. कोळशाचे जुने संच मोडीत निघाले की त्यांच्या जागेवर छोट्या अणुभट्ट्या बसवणार म्हणे. कुठं, ते कुणीच छातीठोक सांगत नाही, पण प्रत्येकाच्या साडूकडे आतली खबर आहे.

जे पक्कं आहे तेवढं आधी मांडतो. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) अणुविजेचं लक्ष्य जाहीर झालं. छोट्या भट्ट्यांसाठी २०,००० कोटी ठेवले आणि देशी बनावटीच्या किमान पाच २०३३ पर्यंत चालू करू असं सांगितलं. आज देशात अणुवीज नऊ गिगावॉटच्या आतबाहेर आहे, एकूण विजेच्या साधारण तीन टक्के. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीनं रशियाच्या रोसॅटॉमबरोबर थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबरात संसदेनं नवा कायदा करून खासगी कंपन्यांनाही या धंद्यात येऊ दिलं.

चेर्नोबिल आणि फुकुशिमाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, ते परत टाकू नका. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले लोक आयुष्यभर कोळशाच्या विजेशेजारी राहिलो. तिच्यापेक्षा ही वीज जास्त धोक्याची की कमी? आणि आली तर आमच्या पदरात काय पडणार? जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_गडी

भाऊ, धोका-बिका मांगून पाहू. चंद्रपूर २,९२० मेगावॉट, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस... अर्ध्या महाराष्ट्राचे पंखे आपल्या कोळशावर फिरून ऱ्हायले. अन् माह्या हरभऱ्याले थ्री फेज लाईन कवा? एक हप्ता दिवसा, दुसरा हप्ता रात्री. रात्री दीडले मोटर चालू कराले जा लागते, एका हातात बॅटरी, एका हातात काठी. आमच्याकडं निदान रानडुक्करच हाय, तुमच्याकडं त वाघ. अणू येओ का परमाणू, डीपी जळली का आम्ही अंधारातच.

चिमूरचा_बांधकरी

वाघाचं मस्करीत नेऊ नका जी. तळोधी, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे माणसं गेलीत. इकडे रात्रीचं ओलित म्हणजे घरच्यांनी जागून काढायची रात्र.

जड_पाणी

मी मूळचा तुमसरकडचा. नोकरीची शेवटची वर्षं तारापूर अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटवर गेली, आता गावी धान पाहतो. खात्याची वकिली करायला आलेलो नाही, पण धाग्यावर गैरसमज सुरू व्हायच्या आधी मूळ गोष्ट सांगतो.

अणुभट्टीचा अणुबॉम्ब होत नाही. आपल्या बहुतेक भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यात कामाचं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. त्यानं स्फोटाची साखळी धरतच नाही. खरी भीती वेगळी आहे, आणि ती भट्टी बंद केल्यावर सुरू होते. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसंच. ७०० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीची उष्णता असते २,१०० मेगावॉटच्या वर. बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के, म्हणजे जवळपास १४० मेगावॉट, तशीच निघत राहते. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरते, पण तोवर आणि पुढेही कितीतरी दिवस पाणी फिरवत राहावंच लागतं. पाणी थांबलं की इंधन वितळतं.

फुकुशिमात ११ मार्च २०११ ला हेच झालं. भूकंपाचा धक्का बसताच भट्ट्या नेमानं बंद झाल्या. मग त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले आणि पाणी फिरवायला वीज उरली नाही.

आपल्याकडेही हा प्रसंग आला होता. ३१ मार्च १९९३, नरोरा, उत्तर प्रदेश. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आगीत केबली जळाल्या आणि केंद्राची आतली सगळी वीज सतरा तास गेली. कंट्रोल रूममध्ये धूर भरला म्हणून माणसांना बाहेर पडावं लागलं. तिथल्या लोकांनी काय केलं? आग विझवायचे डिझेलचे पंप लावून बाष्पजनकात (भट्टीच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या भांड्यात) पाणी सोडलं, आणि अंधारात वर चढून हातानं झडपा उघडून साखळी दाबून ठेवणारं बोरॉनचं द्रावण आत घातलं. बाहेर किरणोत्सर्ग गेला नाही. त्या माणसांना सलाम ठोकावा असं मला आजही वाटतं. आणि तसाच दुसरा विचारही येतो, की अंधारात हातानं झडपा उघडायची पाळी यावीच कशाला? नंतर केबलींचे मार्ग वेगळे केले, पातींची रचना बदलली. पण हे शहाणपण आगीनंतरचं.

राखेतला

जड पाणी साहेब, तुमचं झालं एकदाचं १९९३ ले. आमचं रोजचं हाय.

आमचं वावर एका औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. नाव लिहीत नाही, पोरगा तिथंच कंत्राटी हाय. हिवाळ्यात सकाळी पऱ्हाटीच्या पानावर बोटानं नाव लिहिता येते, इतकी राख. वेचणीच्या बाया बोंडातून कापूस काढतात, झटकतात, तोंडाले पदर बांधून. जिनिंगवर नेला का ग्रेडर मुठीत चुरडून पाहते, बोटं काळी झाली का क्विंटलमागं कापते. विहिरीचं पाणी उकळलं का गंजाच्या बुडाले पांढरी खपली. आईले दमा, मले खोकला, शेजारच्या घरी दोघाईले. कोणी पंचनाम्याले आलं? आलं. फोटो काढले, गेलं.

आता मले सांगा, अणूची भीती मी कायची बाळगू?

मौद्याचा_पावणा

राखेवरून आठवलं. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा लगदा नाल्यांतून नदीपर्यंत गेला होता. कन्हानचं पाणी नागपूर पितं, तेवढ्यापुरती बातमी झाली.

आणि कोळशात मुळातच युरेनियम-थोरियमचा अंश असतो. जाळल्यावर तो राखेत एकवटतो. प्रमाण थोडं असतं, मातीत असतं त्याच्या काही पट, घाबरून जाण्याइतकं नाही. पण राखेच्या ढिगाशेजारी बसून "आम्हाला किरणोत्सर्ग नको" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आर्वीचे_मास्तर

मुलांना शिकवताना मी एक हिशेब फळ्यावर मांडतो, तो इथं देतो. माती, खडक, आकाश, अन्न आणि हवा यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (अंगावर पडणारा किरणोत्सर्ग मोजायचं माप) किरणोत्सर्ग मिळतोच. पोटाचा एक सीटी स्कॅन केला की आठ-दहा. अणुकेंद्रातल्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० ची मर्यादा, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. केंद्र नीट चालत असताना कुंपणाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला येतो तो या आकड्यांपुढे किरकोळ.

भारतात किरणोत्सर्गानं माणूस दगावल्याची ठळक घटना २०१० ची, आणि ती घडली दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात. एका विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू होता. भंगारवाल्यानं ते उघडलं. मला या घटनेची भट्टीपेक्षा जास्त धास्ती वाटते, कारण आपल्या हातून निष्काळजीपणा होतो तो असाच. कागद हरवतो, सही कुणाची तरी असते, वस्तू भंगारात जाते.

वऱ्हाडी_गडी

मास्तर, तुमचा फळा बरोबर हाय, पण "केंद्र नीट चालत असताना" हे जे तुम्ही मधात घातलं ना, सारी गोम तिथंच हाय.

जड_पाणी

गडी, बरोबर पकडलंत. नीट न चाललेल्याचीही उदाहरणं देतो, लपवण्यासारखं काही नाही.

जून १९९४ मध्ये गुजरातेतल्या काक्रापार अणुकेंद्रात पावसाचं पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं होतं. भट्टी तेव्हा बंद होती म्हणून निभावलं. समुद्र नाही, त्सुनामी नाही, शेजारच्या तलावाचं पाणी. तिथंच ११ मार्च २०१६ ला, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, शीतक नळीतून जड पाण्याची, म्हणजे भट्टीची उष्णता वाहून नेणाऱ्या खास पाण्याची, गळती झाली. कर्नाटकातल्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये तर कुणीतरी मुद्दाम पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त, म्हणजे किरणोत्सर्गी, जड पाणी मिसळलं. पन्नासच्या वर कामगारांच्या लघवीत ते सापडलं. सापडलं कशामुळे, तर लघवीचे नमुने नेमानं तपासले जातात म्हणून.

आमच्या कामाची रीत सांगतो म्हणजे कल्पना येईल. छातीला बिल्ला, त्यात किती मात्रा झाली ते साठतं. ट्रिटियम असेल तिथं प्लॅस्टिकचा फुगीर सूट आणि त्यात हवेचा पाइप, आत आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो. बाहेर पडताना यंत्रावर हात-पाय ठेवायचे. ते ओरडलं की परत जाऊन साबणानं घासा, परत या. साहेब असो का झाडूवाला, यंत्रापुढे सारखेच. जेवायची सुट्टी निघून चालली तरी घासत बसलेली माणसं मी पाहिलीत. तेव्हा राखेतला, तुमच्या पोराला केंद्रात राखेचा साधा मास्क तरी मिळतो का, हे मला तुम्ही सांगा.

राखेतला

गमछा. घरून नेते.

माहेर_मंडला

मी रामटेक तालुक्यात दिलेली, माहेर मध्य प्रदेशात मंडल्याकडे. तिथं ठरलेल्या चुटका अणुकेंद्राचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. आपल्यासारख्या आतल्या मुलखात अणुवीज कशी येते ते तिथं दिसतं. तारापूर-जैतापूरला समुद्र आहे, ते आपल्याला लागू नाही.

नर्मदेवर बर्गी धरण झालं तेव्हा तिथली गोंड गावं उठवली. माणसं वरच्या अंगाला येऊन बसली, तळ्याच्या काठी मासेमारी करू लागली. आता त्याच काठावर ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या ठरल्या, का तर धरणाचं पाणी आहे. म्हणजे धरणासाठी उठलेल्यांनी धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रासाठी पुन्हा उठायचं. २०१३ मध्ये लोकांच्या विरोधामुळे जनसुनावणी दोनदा रद्द झाली, फेब्रुवारी २०१४ मध्ये पोलीस बंदोबस्तात उरकली. माझ्या मामांना भट्टी फुटेल का याची काळजी नाही. ते विचारतात, आता पुन्हा कुठं जायचं?

भट्टीभोवती एक किलोमीटर कुणी राहायचं नाही असा नियम आहे. आपत्तीची योजना सोळा किलोमीटरपर्यंत करावी लागते. रामटेक, पारशिवनी, मौदा इकडे नकाशावर सोळा किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा, किती गावं आत येतात. त्यातल्या किती गावांचा रस्ता पावसाळ्यात चालू असतो?

चिमूरचा_बांधकरी

वहिनी, हे लिहिलंत ते बरं झालं. जुन्या कोळसा केंद्राची जागा वापरली तर जमीन नवी लागणार नाही असं जे सांगतात, त्यात ते वर्तुळ कुणी मोजत नाही. कोराडी, दुर्गापूर, बल्लारपूर, सगळीकडे केंद्राच्या कुंपणाला लागून वस्ती आहे.

हिशेबनीस_अकोला

सुरक्षिततेवर मी जड पाणी यांच्या बाजूनं आहे. अपघात, प्रदूषण सगळं धरून युनिटमागे माणसं मोजली तर कोळसा अणुविजेच्या शेकडो पट जीव घेतो, त्यावर जगभरच्या अभ्यासकांचं साधारण एकमत आहे. फुकुशिमात किरणोत्सर्गानं दगावलेला म्हणून जपान सरकारनं एक माणूस मान्य केला. घाईनं गावं रिकामी करताना आणि नंतरच्या हालअपेष्टांत गेले ते दोन हजारांच्या वर.

माझं भांडण पैशाशी आणि वेळेशी आहे. जैतापूरला जी फ्रेंच बनावटीची भट्टी लावायची ठरली, तशीच फ्रान्समध्ये फ्लामनव्हिलला २००७ मध्ये सुरू केली. वीज जाळ्यात आली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या पुढे. फिनलंडची २००५ ला सुरू झालेली, नियमित वीज द्यायला २०२३ उजाडलं. जैतापूरच्या सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॉट, २०११ मध्ये तिथं आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला, आणि आजवर तिथून एक युनिट वीज आलेली नाही.

आपल्या देशी ७०० मेगावॉटच्या भट्ट्या स्वस्त पडतात, मान्य. छोट्या भट्टीचं मात्र सगळं गणित "कारखान्यात शेकड्यांनी बनवू, मग स्वस्त होईल" यावर उभं आहे. पहिली पाच शेकड्यांच्या भावात कशी मिळणार?

आणि शेतकऱ्याला वीज कधी पाहिजे? दिवसा. सूर्य कधी असतो? दिवसा. सौरविजेचा नव्या निविदांमधला भाव अडीच-तीन रुपये युनिट आहे. ओलिताला सौर फीडर पुरतो, भट्टी कशाला?

पारशिवनीचा_संत्रेवाला

सौरपंप माझ्याकडे आहे, म्हणून बोलतो. आंबिया बहाराला मे महिन्यात झकास चालतो. पण श्रावणात आठ दिवस आभाळ राहिलं आणि त्यातच पावसानं दडी मारली की पंप नुसता गुरगुरतो. माकडं पॅनलवर नाचतात ती गोष्ट निराळी. शेतीपुरतं हिशेबनीस भाऊंचं खरं आहे, दिवसाची लाईन ही सौरनंच येईल. पण मे महिन्यात रात्री अकराला चंद्रपुरात अख्खं गाव कूलर लावून पडलेलं असतं, तेव्हाची वीज कुठून आणणार? आज ती कोळशाची आहे. कोळसा बंद करायचा म्हणता तर त्या रात्रीचं काहीतरी सांगा. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, पण रात्रभर अख्खा जिल्हा?

जर्मनीनं एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या तेव्हा त्यांचे कोळशाचे संच चालूच होते. मला तरी तो क्रम उफराटा वाटतो.

जड_पाणी

संत्रेवाल्यांशी सहमत. पण माझ्याच बाजूच्या लोकांना अडचणीची एक गोष्ट सांगतो: पाणी.

भट्टीतल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची पाण्यात किंवा हवेत सोडावी लागते. नव्या कोळसा संचाची कार्यक्षमता त्याहून बरी असते, शिवाय त्याची थोडी उष्णता धुराड्यातून जाते. म्हणजे तेवढ्याच विजेला भट्टी पाणी जास्त मागते. इरई धरणावर चंद्रपूर केंद्राचा भार आधीच आहे. अप्पर वर्धाचं सिंचनाचं पाणी औष्णिक केंद्राला दिलं तेव्हा अमरावतीत केवढं रान उठलं ते आठवा. परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. कोळशाचं केंद्र बंद पडलं की नुकसान पैशाचं. भट्टीला बंद पडल्यावरही पाणी लागतंच, हे वर सांगितलं. त्याचा साठा वेगळा राखीव ठेवतात, ते खरं. पण मे महिन्यात ४७ अंशांत, धरणाच्या तळाला चिखल उरलेला असताना, त्या राखीव साठ्यावर गावाचे टँकर भरायचा दबाव येणार नाही असं कोण म्हणेल? फ्रान्ससारख्या देशानं २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात नद्या तापल्या म्हणून भट्ट्यांची वीज कमी केली होती. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला फाल्गुन.

वणीचा_वकील

कुणी भरपाईवर बोललेलं नाही. २०१० च्या अणुदायित्व कायद्यात अपघाताची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यावर होती, १,५०० कोटींपर्यंत. पण कलम १७ मध्ये एक महत्त्वाची सोय होती. यंत्र सदोष निघालं तर चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुली करता येत होती. भोपाळची आठवण ताजी होती म्हणून संसदेनं ती घातली. तिथं १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि लोक अजून झगडताहेत. याच सोयीमुळे अमेरिकी आणि फ्रेंच कंपन्या पंधरा वर्षं आल्या नाहीत. २०२५ च्या कायद्यानं ती काढली, आता वसुलीचं करारात लिहिलं असेल किंवा कुणी मुद्दाम नुकसान केलं असेल तरच.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला. आधी ते नुसत्या सरकारी आदेशावर उभं होतं, महालेखापालांनी २०१२ च्या अहवालात त्यावर बोट ठेवलं होतं. पण ज्या खात्याची केंद्रं, त्याच खात्याच्या वळचणीला त्यांचा तपासनीस, ही रीत एका कायद्यानं किती सुटते ते पुढच्या पहिल्या गळतीला कळेल.

राखेतला

वकीलसाहेब, कायदा ठेवा बाजूले. साधं विचारतो. भट्टी आली अन् माह्या विहिरीत काही उतरलं, तर मले कोण सांगन? कवा सांगन?

जड_पाणी

भट्टी चालू व्हायच्या काही वर्षं आधी प्रत्येक ठिकाणी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा बसवतात. आजूबाजूच्या गावांतलं विहिरीचं पाणी, दूध, धान, भाजी, मासे यांचे नमुने नेऊन आधीची नोंद करून ठेवतात, म्हणजे नंतर वाढ झाली तर कळावी. पुढंही ते चालू राहतं. माणसं प्रामाणिक असतात, माझ्या ओळखीचे कितीतरी तिथं होते. पण अहवाल वर जातात. गावात फळ्यावर लागलेला मी कधी पाहिला नाही.

राखेतला

मंजे अणुवाले भट्टीच्या आधीपासून दूध तपासतात. आमच्या इथं इतकी वर्षं राख उडून ऱ्हायली, दुधाचा एक नमुना कोणी नेला नाही. तर मंग अणू नाही आला तरी ही प्रयोगशाळा द्या ना आमाले. आत्ताच द्या.

माहेर_मंडला

भाऊ, हे अर्जात लिहा. आणि जनसुनावणी लागली तर नोटीस निदान तीस दिवस आधी यायला हवी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा, पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत तसं आहे. तो सारांश मागा आणि सुनावणीच्या आधी गावात मोठ्यानं वाचून घ्या. मामांच्या गावात तो कागद पोचला तेव्हा वाचून दाखवायला कुणी नव्हतं.

चिमूरचा_बांधकरी

मास्तर, अर्जाचा मसुदा कराल का? विहीर, दूध, धान, राख, चारही घाला. निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे हेही घाला. येत्या ग्रामसभेत मी ठेवतो. सरपंच वैतागतील, वैतागू द्या.

आर्वीचे_मास्तर

रविवारपर्यंत टाकतो. राखेतला, तुमच्या गावचं नाव अर्जात लागेल. पोराच्या नोकरीचं आधी घरात बोलून घ्या, मग कळवा.